रक्तात लेप्टिन भरपूर, मग भूक का शमत नाही?

माननीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझे वय ४४ वर्षे, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९४ किलो आहे. गेल्या महिन्यात केलेल्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के आणि उपाशीपोटी इन्शुलिन वाढलेले असे निघाले. डॉक्टरांनी सांगितले, की मधुमेह अजून नाही, पण तो उंबरठ्यावर आहे. तपासणीच्या त्याच संचात लेप्टिन नावाची चाचणीही होती आणि तो आकडा सामान्य मर्यादेच्या कितीतरी वर आहे. मी वाचले, की लेप्टिन हे भूक कमी करणारे संप्रेरक आहे. ते माझ्याकडे इतके असूनही मला सतत भूक कशी लागते? लेप्टिन कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या घेऊ का? माझी भाची जीवशास्त्र शिकते. ती म्हणते, की लठ्ठपणात चरबीच्या पेशीच हार्मोनचे ऐकेनाशा होतात. हे खरे असेल, तर यजमान सुचवतात त्याप्रमाणे पोटावरची चरबी शस्त्रक्रियेने काढूनच टाकली, तर हा बिघाड संपेल का? मी रोज पाऊण तास चालते, पण पोट तसूभरही उतरत नाही, आणि सगळ्यांना वाटते की मी लपून खाते. घरात आजारी सासूबाई असल्याने रात्री जेमतेम पाच तास झोप मिळते.

— एक वाचक

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. रक्तात एखादे संप्रेरक किती आहे आणि त्या संप्रेरकाचे काम शरीरात किती होते आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संप्रेरक हा केवळ निरोप असतो. तो पेशीपर्यंत पोहोचावा लागतो, पेशीवर त्याच्यासाठीच असलेल्या रिसेप्टरने, म्हणजे ग्राही प्रथिनाने, तो स्वीकारावा लागतो, आणि मग पेशीच्या आत एकामागून एक अनेक प्रथिनांनी तो पुढे न्यावा लागतो, तेव्हा कुठे त्याची अंमलबजावणी होते. मधल्या एखाद्या टप्प्यावर अडथळा आला, की निरोप कितीही आले तरी काम होत नाही, आणि काम होत नाही म्हणून शरीर आणखी निरोप पाठवत राहते. तुमच्या अहवालात छापलेले आकडे हे पाठवलेल्या निरोपांचे आहेत. ते वाढलेले असणे हेच पुष्कळदा पलीकडे ऐकले जात नसल्याचे लक्षण असते.

लेप्टिनचा शोध ज्या रीतीने लागला, त्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन लॅबोरेटरी ही उंदरांच्या वाणांवर काम करणारी संस्था आहे. तिथे १९४९ मध्ये अतोनात खाणारे आणि अतोनात लठ्ठ असे उंदीर आढळले, आणि पुढे तशाच लठ्ठ उंदरांचा आणखी एक वाण सापडला. तिथले संशोधक डग्लस कोलमन यांनी या उंदरांचे रक्ताभिसरण निरोगी उंदरांशी जोडून पाहिले. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराशी जोडला, की त्याचे खाणे कमी होई. दुसऱ्या वाणाचा जोडला, तर त्या लठ्ठ उंदरावर काहीच परिणाम होत नसे, उलट बिचारा निरोगी उंदीर अन्न सोडून उपासमारीने मरे. यावरून कोलमन यांनी काढलेला निष्कर्ष पुढे अक्षरशः खरा ठरला: पहिल्या वाणात निरोपच तयार होत नव्हता, तर दुसऱ्यात निरोप रक्तात भरभरून होता, पण तो घेणारे कोणी नव्हते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्या निरोपाचे जनुक शोधले आणि सडपातळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी त्याचा ग्राहीही हाती लागला. हे संप्रेरक प्रामुख्याने चरबीच्या पेशींतच, म्हणजे मेदपेशींत, तयार होते असे दिसले, तेव्हा चरबी म्हणजे निव्वळ कोठार ही जुनी समजूत कायमची निकालात निघाली.

साहजिकच सर्वांना वाटले, की लठ्ठ माणसांत लेप्टिन कमी असेल, ते टोचून दिले की काम झाले. १९९६ मध्ये माणसांची रक्ततपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा चित्र नेमके उलटे निघाले. शरीरातील चरबी जितकी जास्त, तितके रक्तातील लेप्टिन जास्त. जन्मतःच लेप्टिन बनवू न शकणारी काही मुले केंब्रिजच्या संशोधकांना सापडली आणि लेप्टिनच्या इंजेक्शनांनी त्यांची भूक व वजन थक्क व्हावे इतके उतरले, परंतु अशी कुटुंबे जगात फार थोडी आहेत. बाकीच्या लठ्ठ व्यक्तींना लेप्टिन दिल्यावर सरासरी परिणाम अगदी किरकोळ दिसला. म्हणजे तुम्ही आणि मी, आपण सगळे कोलमन यांच्या दुसऱ्या उंदराच्या अधिक जवळचे आहोत. फरक इतकाच, की आपला ग्राही जन्मतः मोडलेला नसतो. लेप्टिन दीर्घकाळ जास्त राहिले, की मेंदूतील ज्या पेशी ते ऐकतात त्यांच्यात एसओसीएस-३ नावाचे प्रथिन वाढते आणि ते ग्राहीपासून पुढे जाणारा संदेश अडवते. रक्तातून मेंदूत लेप्टिन शिरण्याचे प्रमाणही त्या मानाने वाढत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार महत्त्वाची वाटते आणि जी वजनाविषयीच्या सल्ल्यांत क्वचितच सांगितली जाते. लेप्टिन हे पोट भरल्याची वर्दी देण्यापेक्षा साठा घटल्याची वर्दी देण्याचे काम अधिक चोख करते. ते वाढले, तर मेंदू फारसे लक्ष देत नाही; मात्र ते घटले, की मेंदू खडबडून जागा होतो. उपास किंवा कडक पथ्य सुरू केले, की चरबी जेमतेम थोडी उतरते, पण लेप्टिन तिच्या मानाने कितीतरी वेगाने खाली येते, आणि भूक वाढते, शरीराचा ऊर्जाखर्च आखडतो. तेव्हा तुम्हाला लागणारी भूक हा तुमच्या मनोनिग्रहाचा अभाव नाही, आणि तुम्ही लपून खाता असे म्हणणाऱ्यांना हे पत्र जरूर वाचायला द्या. गोळ्यांविषयी स्पष्टच सांगतो, की त्या घेऊ नका. तुमचे लेप्टिन वाढले आहे ते मेदपेशी भरल्या आहेत म्हणून. भूक आटोक्यात आणण्यासाठी त्याचा आकडा गोळीने खाली ओढणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता भाचीच्या विधानाकडे वळू. ती बरोबर सांगते, पण अर्धेच. मेदपेशी लठ्ठपणात एकीकडे कमी ऐकतात आणि दुसरीकडे अधिक बोलतात, आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे.

सर्वांत आधी इन्शुलिन. मेदपेशीच्या पृष्ठभागावर इन्शुलिनचा ग्राही असतो. इन्शुलिन बाहेरून चिकटले, की ग्राहीचा पेशीच्या आतला भाग जागा होतो. हा भाग स्वतःच एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. तो आयआरएस-१ नावाच्या प्रथिनावर टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेटचे गट बसवतो, तिथून संदेश पीआय-३ कायनेज या विकराकडे आणि मग एकेटी या विकराकडे जातो. एकेटीपर्यंत निरोप पोहोचला, की दोन मोठी कामे होतात. पेशीच्या आत सूक्ष्म पिशव्यांमध्ये थांबलेली ग्लुट-४ ही ग्लुकोजवाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि रक्तातील साखर आत घेतात, हे एक. दुसरे असे, की पेशीत साठवलेली चरबी फोडून मेदाम्ले रक्तात सोडण्याचे जे काम सुरू असते, त्याला लगाम बसतो. जेवणानंतर साखर उपलब्ध असताना साठा उघडण्याचे कारण नसते, म्हणून ही व्यवस्था.

लठ्ठपणात यात काय बिघडते? इन्शुलिन सतत जास्त राहिल्यामुळे पेशी आपले काही ग्राही पृष्ठभागावरून आत ओढून घेते, हे खरे आहे. परंतु मेदपेशीवर ग्राही मुळातच गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यांतील थोड्याच भागाला इन्शुलिन चिकटले, तरी साखर आत घेण्याचे काम पूर्ण वेगाने होऊ शकते. त्यामुळे केवळ संख्या घटल्याने फार बिघडत नाही. खरा घोटाळा ग्राहीच्या पलीकडे होतो. आयआरएस-१ वर टायरोसिनऐवजी सेरिन या दुसऱ्याच अमिनो आम्लावर फॉस्फेट बसू लागतात आणि मग ते प्रथिन इन्शुलिनचा निरोप नीट पुढे नेत नाही. खुद्द ग्लुट-४ सुद्धा लठ्ठ व्यक्तींच्या मेदपेशींत कमी तयार होते. स्नायूंत मात्र त्याचे प्रमाण जवळपास तसेच राहते, हा फरक लक्षात ठेवा, कारण चालण्याविषयी लिहिताना त्याचा उपयोग होणार आहे.

यावर तुम्ही म्हणाल, की मेदपेशींनी साखर घेतली नाही म्हणून एवढे काय बिघडले? शरीरातील साखरेचा मोठा वाटा स्नायू घेतात, चरबीचा वाटा लहान आहे. शंका रास्त आहे. अमेरिकी संशोधक बार्बरा कान यांच्या गटाने २००१ मध्ये असे उंदीर तयार केले, ज्यांच्या फक्त चरबीतून ग्लुट-४ काढून टाकले होते. स्नायू आणि यकृत यांना हातही लावला नव्हता, तरीही त्या उंदरांचे स्नायू आणि यकृतसुद्धा इन्शुलिनला दाद देईनासे झाले. चरबीचा बिघाड चरबीपुरता राहत नाही, हे त्यातून दिसले. माणसांत याचा सर्वांत ठळक मार्ग मेदाम्लांचा आहे. इन्शुलिनचा लगाम सैल पडला, की जेवणानंतरही मेदाम्ले रक्तात येत राहतात आणि यकृत व स्नायू यांच्यात जाऊन साचतात, जिथे चरबी साठवण्याची सोय नसते. तिथे ती इन्शुलिनच्या संदेशात अडथळा आणते, यकृत नको तेव्हा साखर सोडते, स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओतते, आणि तुमच्या अहवालात उपाशीपोटीची साखर ११२ व त्यासोबत वाढलेले इन्शुलिन असे जोडीने दिसते.

हे सारे सुरू का होते, याचे उत्तर बरेचसे पेशीच्या आकारात आहे. मेदपेशी ही शरीरातील सर्वांत जास्त फुगू शकणाऱ्या पेशींपैकी एक आहे. तिचा व्यास शंभर मायक्रोमीटरच्या पुढे सहज जातो, आणि ऊतीमध्ये प्राणवायू साधारण तेवढेच अंतर नीट झिरपू शकतो. फार फुगलेल्या पेशीभोवती तंतूंचे जाळे दाट होते, काही पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशींचा निचरा करण्यासाठी महाभक्षक पेशी येतात. २००३ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी एकाच वेळी दाखवून दिले, की लठ्ठपणात चरबीच्या ऊतीमध्ये या महाभक्षक पेशींची गर्दी होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मेलेल्या मेदपेशीभोवती मुकुटासारखे कडे करून बसलेल्या दिसतात. त्या टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक द्रव्ये सोडतात, आणि आयआरएस-१ वर चुकीच्या जागी फॉस्फेट बसवणाऱ्या विकरांना नेमकी हीच द्रव्ये चेतवतात. टीएनएफ-अल्फा आणि इन्शुलिनचा बिघाड यांचे नाते गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी १९९३ मध्येच उंदरांत दाखवले होते. मात्र पुढे माणसांना टीएनएफ रोखणारी औषधे देऊन पाहिली, तेव्हा मधुमेहात म्हणावा तसा फरक पडला नाही. मला हे अपयश बोलके वाटते. इतके धागे एकमेकांत गुंतलेले असताना एकच धागा कापून गाठ सुटत नाही.

जी मेदपेशी फुगते, तिचे बोलणेही बदलते. लेप्टिन ती जास्त सोडते, हे वर आलेच. ॲडिपोनेक्टिन नावाचे दुसरे संप्रेरक मात्र ती कमी सोडू लागते, आणि हा तोटा मोठा आहे, कारण ॲडिपोनेक्टिन यकृताला व स्नायूंना इन्शुलिन नीट ऐकण्यास मदत करते. मेदपेशीतच तयार होणारे असूनही चरबी वाढली की घटणारे, असे हे विलक्षण संप्रेरक आहे. याखेरीज लठ्ठपणात चरबीच्या ऊतीमध्ये निष्क्रिय कॉर्टिसोनचे कॉर्टिसोल करणारे विकर वाढते, त्यामुळे रक्तातील कॉर्टिसोल सामान्य असूनही पेशीच्या आत ते जास्त असू शकते. आणि ॲरोमॅटेज हे विकर पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन मुख्यतः याच वाटेने येते. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला, तर लठ्ठ स्त्रीने तो अजिबात अंगावर काढू नये, असे आम्ही बजावतो, त्यामागे हेही कारण असते, कारण जास्तीच्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आता चालण्याविषयी. चालताना, धावताना, घाबरल्यावर शरीर ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन सोडते आणि ती मेदपेशीला साठा उघडण्यास सांगतात. परंतु मेदपेशीवर या संप्रेरकांसाठी एकाच प्रकारचे ग्राही नसतात. बीटा प्रकारचे ग्राही पेशीत सायक्लिक एएमपी हे द्रव्य वाढवतात, त्यामुळे चरबी फोडणारी विकरे कामाला लागतात. अल्फा-२ प्रकारचे ग्राही तेच द्रव्य घटवतात आणि काम थांबवतात. एकच संप्रेरक एकाच पेशीला पुढे हो आणि थांब असे दोन्ही सांगते, आणि त्या पेशीवर कोणत्या ग्राहींचे पारडे जड आहे त्यावर निकाल ठरतो. माणसाच्या त्वचेखालच्या चरबीत अल्फा-२ ग्राही भरपूर असतात, विशेषतः नितंब व मांड्या येथे. लठ्ठपणात पोटाच्या त्वचेखालील मेदपेशींवर बीटा-२ ग्राही घटलेले आढळतात, अल्फा-२ चा ब्रेक वरचढ होतो, आणि चरबी फोडणाऱ्या विकरांपैकी एक महत्त्वाचे विकरही कमी पडते. हृदयात तयार होणारे एएनपी नावाचे संप्रेरकही चरबी फोडते, हे फ्रान्समधील तुलूझच्या संशोधकांनी २००० मध्ये दाखवले. लठ्ठपणात त्याचीही गत तीच होते, कारण त्याचा संदेश आत नेणाऱ्या ग्राहीच्या तुलनेत त्याला नुसते गिळून नष्ट करणारा ग्राही वाढतो.

येथे एक विसंगती तुमच्या लक्षात येईल. वर मी लिहिले, की इन्शुलिनचा लगाम सैल होऊन मेदाम्ले जास्त येतात, आणि आता लिहितो आहे, की ॲड्रेनलिनने ती नीट सुटत नाहीत. दोन्ही खरे आहे. प्रत्येक किलो चरबीमागे पाहिले, तर लठ्ठ व्यक्तीच्या चरबीतून मेदाम्ले उलट कमी बाहेर पडतात. पण किलोच इतके जास्त असतात, की एकूण प्रवाह मोठा होतो. नको त्या वेळी गळणारी आणि हवी तेव्हा न उघडणारी तोटी, अशी ही अवस्था आहे.

म्हणून पाऊण तास चालून पोटाचा घेर हलला नाही, तर चालणे वाया गेले असे समजू नका. चालण्याचा पहिला फायदा मेदपेशीकडून नव्हे, तर स्नायूंकडून मिळतो. आकुंचन पावणारा स्नायू आपले ग्लुट-४ इन्शुलिनच्या निरोपाशिवाय, स्वतःच्या वेगळ्या मार्गाने पृष्ठभागावर आणतो आणि साखर ओढून घेतो. तुमच्या स्नायूंत हे प्रथिन शाबूत आहे. मात्र रोजच्या चालण्यासोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायामही करा, आणि जेवणानंतर लगेच बसून न राहता दहा-पंधरा मिनिटे हालचाल ठेवा.

शस्त्रक्रियेच्या प्रश्नाचे उत्तर तर प्रयोगानेच मिळालेले आहे. अमेरिकी संशोधक सॅम्युअल क्लाइन यांच्या गटाने २००४ मध्ये १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची त्वचेखालील चरबी शोषून काढली. ती थोडीथोडकी नव्हती, सरासरी नऊ-दहा किलोंच्या घरात होती. दहा-बारा आठवड्यांनी पाहिले, तर त्यांचे लेप्टिन उतरले होते, परंतु यकृत, स्नायू आणि चरबी यांची इन्शुलिन ऐकण्याची क्षमता होती तिथेच होती. रक्तदाब, साखर, दाहाची द्रव्ये, कशातच सुधारणा नव्हती. कारण उघड आहे. काही पेशी काढल्या, तरी उरलेल्या पेशी तितक्याच फुगलेल्या राहिल्या, आणि पोटाच्या आतली, यकृताला लागून असलेली चरबी तर त्या शस्त्रक्रियेच्या आवाक्यातच नसते.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण चरबीला शत्रू मानण्याची सवय आपल्याला फार जडली आहे. ज्यांच्या शरीरात जन्मतः किंवा आजाराने चरबीची ऊती जवळजवळ नसते, अशा व्यक्ती अत्यंत कृश दिसतात, पण त्यांना तीव्र मधुमेह होतो आणि यकृतात चरबी साचते, कारण ती ठेवायला योग्य जागाच नसते. लेप्टिनचे औषध अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाले, ते लठ्ठपणासाठी नव्हे, तर या रुग्णांसाठी. आणि पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे जुने औषध नव्या, लहान मेदपेशी तयार होण्यास मदत करते. रुग्णाचे वजन काहीसे वाढते, तरी इन्शुलिनचे काम सुधारते. प्रश्न चरबी किती आहे याइतकाच तिच्या पेशी किती तुडुंब भरल्या आहेत, याचा आहे.

तेव्हा पेशी काढण्याचा नव्हे, तर रिकाम्या करण्याचा मार्ग धरा, आणि त्यासाठी फार मोठे उद्दिष्ट लागत नाही. क्लाइन यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवले, की लठ्ठ व्यक्तींनी केवळ ५ टक्के वजन घटवले, तेव्हा चरबी, यकृत आणि स्नायू या तिन्ही ठिकाणी इन्शुलिनचे काम सुधारले. त्यापुढे वजन उतरवल्यावर स्नायूंत आणखी सुधारणा होत गेली, चरबीत मात्र बहुतेक लाभ त्या पहिल्या ५ टक्क्यांतच पदरात पडला होता. तुमच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे पावणेपाच किलोंहून थोडे कमी. ९४ वरून ८९ च्या आसपास. आरशात हा फरक फारसा दिसणार नाही, पण मेदपेशीला तो कळतो.

हे वजन सावकाश उतरवा आणि उतरल्यावर टिकवण्याची तयारी आधीपासून ठेवा, असे मी आग्रहाने म्हणतो, त्यालाही कारण आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २००८ मध्ये अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनच्या खुणेवरून मेदपेशींचे वय मोजले. प्रौढ माणसात दर वर्षी सुमारे १० टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात, एकूण संख्या मात्र जवळजवळ स्थिर राहते. वजन खूप उतरले, तरी पेशी लहान होतात, कमी होत नाहीत. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतील गटाने आणखी पुढची गोष्ट मांडली. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीही माणसांच्या मेदपेशींत अनेक जनुकांचे वागणे पूर्ववत झालेले नव्हते, आणि उंदरांत लठ्ठपणाची खूण जनुकांच्या वेष्टनावर उमटून राहिल्याचे दिसले. असे उंदीर पुन्हा चरबीयुक्त आहारावर ठेवले, की इतरांपेक्षा वेगाने लठ्ठ झाले. वजन परत वाढले म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या कितीतरी रुग्णांना मी ही माहिती देतो. त्याने वजन कमी होत नाही, पण अपराधाची भावना कमी होते, आणि ती कमी झालेली माणसे उपचार सोडून देत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही झोपेविषयी लिहिले आहे. मी मात्र तिथेच सर्वांत जास्त थांबलो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सात निरोगी, सडपातळ तरुणांना चार रात्री फक्त साडेचार तास झोपू दिले आणि मग त्यांच्या पोटावरची थोडी चरबी काढून तिच्या पेशींवर इन्शुलिन घालून पाहिले. एकेटीपर्यंत पोहोचणारा संदेश ३० टक्क्यांनी मंदावला होता. माणसे सातच होती, हे मान्य, पण त्यांच्यात लठ्ठपणा नव्हता, आजार नव्हता, आणि केवळ चार रात्री पुरल्या. तुमच्या बाबतीत हे किती काळ चालले आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. सासूबाईंची रात्रीची शुश्रूषा यजमानांनी आठवड्यातून निदान तीन-चार रात्री स्वतःकडे घ्यावी. शस्त्रक्रिया सुचवण्यापेक्षा हा उपचार त्यांच्या हातात अधिक आहे आणि त्याला खर्चही नाही. झोपेत तुम्ही घोरत असाल किंवा श्वास अडकून जाग येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण लठ्ठपणात झोपेतला श्वासरोध पुष्कळ आढळतो आणि त्याला वेगळे उपचार आहेत.

भूक कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी नवी औषधे प्रामुख्याने मेंदूतील ग्राहींवर काम करतात. तुमच्या वजनाच्या व्यक्तीसाठी त्यांचा विचार होऊ शकतो आणि तो करण्यात कमीपणा काही नाही, परंतु तो निर्णय तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. लेप्टिनची चाचणी पुन्हा करू नका. तिचा आकडा कळल्याने तुमच्या उपचारात काहीही बदलणार नाही. त्याऐवजी रक्तदाब, रक्तातील ट्रायग्लिसराइड आणि यकृताच्या चाचण्या झालेल्या नसतील, तर त्या करून घ्या, आणि कंबरेचा घेर दर महिन्याला एकाच जागी फीत लावून लिहून ठेवा. एचबीएवनसीमध्ये लाल रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतात आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे तो तीन महिन्यांच्या आत पुन्हा पाहण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी तो पाहा आणि त्या वेळचे वजन व झोपेचे तास त्याच कागदावर शेजारी लिहून मला कळवा.